कपातीमागचे चिंतामणराव

कॅलिफोर्नियात विमा आयुक्त लोकांच्या मतांवर निवडून येतो. 1988 च्या जनमत कौलाने ती पद्धत तिथे आली. आपल्याकडे असं पद नाही. पण आपल्या आयुर्विम्याची घडी बदलली ती एका निवडून आलेल्या मराठी माणसानेच. ते चिंतामणराव देशमुख, 1952 चे कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री.

आयसीएस होऊन आल्यावर त्यांची उमेदीची वर्षं मध्य प्रांत-वऱ्हाडात गेली. ते अर्थमंत्री असतानाच, 2 फेब्रुवारी 1955 रोजी, भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला. भिलाई ज्यात येतं त्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. अशा कारखान्यांसाठी भांडवल हवंच होतं, पण विम्याचं दुखणं वेगळं होतं. विमेदारांचा पैसा काही मालक स्वतःच्या इतर धंद्यांत वळवत होते. डिसेंबर 1955 मध्ये खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत तो व्यवहार उघडा पाडला.

19 जानेवारी 1956 च्या संध्याकाळी देशमुखांनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला आहे. आधी कुणकुण लागली असती तर तिजोऱ्या रिकाम्या झाल्या असत्या, म्हणून विधेयकाऐवजी वटहुकूम काढला. 245 विमा संस्था एकत्र होऊन 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. तोवर मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडलं होतं. मला या दोन्ही निर्णयांत एकच करारी माणूस दिसतो.

मात्र मालकी सरकारची झाली म्हणून राखण आपोआप होत नाही. पुढच्याच वर्षी महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या अडचणीतल्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. छागला आयोग बसला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना जावं लागलं. स्वतंत्र नियामकाचा कायदा व्हायला 1999 उजाडलं.

भिलाईसारख्या कारखान्याच्या गावात हा इतिहास पगाराच्या स्लिपवर येऊन थांबतो. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. कापलेली रक्कम महामंडळाकडे पोचलीच नाही आणि कामगार दगावला, तर? दिल्लीच्या वीज मंडळातल्या एका कर्मचाऱ्याच्या विधवेच्या, बसंती देवींच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं की पगारातून हप्ता कापण्याच्या योजनेत तो गोळा करणारा मालक हा महामंडळाचाच प्रतिनिधी ठरतो. म्हणजे त्याच्या चुकीचा भुर्दंड कुटुंबावर नाही, महामंडळावर. हा निकाल प्रत्येक युनियनच्या फलकावर लावण्याजोगा आहे.

कोर्टाआधी विमा लोकपालाचा मार्ग आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आपली बाजू आपणच मांडायची. भिलाई ज्यात आहे ते छत्तीसगड वेगळं राज्य होऊन दोन तपं उलटली, तरी इथल्या तक्रारी भोपाळच्या कार्यालयाकडेच जातात. नवरा गमावलेल्या बाईला समोरासमोर बोलता यावं यासाठी लोकपालाचं एक कार्यालय रायपूरला हवंच.