घरचा उद्योग टिकतो कसा? किर्लोस्करवाडी आणि भिलवडीचे धडे

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, पुणे–मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही दोन स्थानके आहेत. एका ठिकाणी नांगर आणि पंप, दुसऱ्या ठिकाणी दूध. या दोन अगदी वेगळ्या व्यवसायांतून किर्लोस्कर आणि चितळे ही महाराष्ट्रातली दोन नामांकित उद्योगघराणी उभी राहिली. दोघांचाही साताऱ्याशी संबंध आहे. किर्लोस्करांना जागा मिळाली ती सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संस्थानिकांकडून. चितळे कुटुंब मूळचे साताऱ्याजवळच्या लिंबगोव्याचे. घरचा उद्योग कसा चालवावा, हे या दोन्ही घरांच्या वाटचालीतून बरेचसे कळते.

पहिला प्रश्न कामाच्या वाटणीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते स्वतः मुंबईत शिकवत असताना तिथून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. पुढे कारखाना आला तरी ही विभागणी राहिली: यंत्रांचे डोके लक्ष्मणरावांचे, कारखान्याभोवतीच्या वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांची. चितळ्यांच्या घरातही तसेच घडले. भास्कर गणेश तथा बाबासाहेब चितळे यांनी १९३९ मध्ये भिलवडीत दुधाचा व्यवसाय सुरू केला. नदीकाठच्या गावांत दूध मुबलक होते आणि ते शहरात न्यायला रेल्वे जवळ होती. मात्र दूध नाशवंत असल्याने खरेदी आणि विक्री ही दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळावी लागतात. चार मुलांपैकी काकासाहेब आणि नानासाहेब भिलवडीत राहिले, भाऊसाहेब आणि राजाभाऊ यांनी पुण्याची बाजू पाहिली. १९५० मध्ये पुण्यात ‘चितळे बंधू’ हे दुकान निघाले. कोणाचा शब्द कुठे अखेरचा, हे ठरलेले असले की भावाभावांत रोज खटके उडत नाहीत.

दुसरा धडा धीराचा. लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीमुळे किर्लोस्करांचे पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली. कारखान्याची बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ देऊ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

तिसरा धडा घराबाहेरच्या माणसांवर विश्वास टाकण्याचा. इंजिने दुरुस्त करणारे शंभूराव जांभेकर, हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडूनही कल्पक यंत्रज्ञ ठरलेले अनंतराव फळणीकर ही माणसे किर्लोस्कर आडनावाची नव्हती, तरी कारखाना त्यांच्यावर उभा होता. आडनावावरून जागा मिळते आणि कामावरून मिळत नाही, असे दिसले की गुणी माणूस निघून जातो.

चौथा प्रश्न पुढच्या पिढीच्या तयारीचा. लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव यांना अमेरिकेत ‘एमआयटी’त शिकायला पाठवले. १९२६ मध्ये पदवी घेऊन ते परतले आणि त्यांच्या काळात उद्योग वाडीबाहेर पसरला; १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. नव्या पिढीने जुन्या प्रथा तपासूनही पाहाव्यात. पुण्यातले चितळ्यांचे दुकान दुपारी एक ते चार बंद राहणे हा अनेक वर्षे थट्टेचा विषय होता. २०१७ मध्ये ते दुपारीही उघडे ठेवण्याचा निर्णय झाला.

शेवटचा धडा लेखी कराराचा. किर्लोस्कर घराण्याच्या चौथ्या पिढीत २००९ च्या कौटुंबिक समझोत्याच्या अर्थावरून वाद झाला आणि तो न्यायालयात गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. करार असूनही वाद होतो, म्हणून त्यात केवळ मालमत्तेची वाटणी पुरत नाही. नाव कोण वापरणार, एकमेकांच्या क्षेत्रात धंदा करता येईल का, मतभेद झाले तर निवाडा कोण करणार, हेही स्पष्ट लिहावे लागते. हा कागद संबंध गोडीचे असतानाच करणे सोपे असते.