माहितीपत्रकात चौदा हजार, दारावर एकोणतीसशे

वावर आणि वाहनं : लेखांक ७

आयोवा, नेब्रास्का, मिसुरी या अमेरिकेच्या शेतीपट्ट्यात गुरं बाजाराला न्यायची असोत की गवताचे गोल गठ्ठे लांबच्या वावरातून गोठ्याकडे आणायचे असोत, ट्रेलर ओढायला पिकअपच लागतो. बाजार चाळीस-पन्नास मैलांवर असेल तर ट्रॅक्टरने जाण्यात दिवस मोडतो. आपल्याकडचा बोलेरो पिकअप हौद्यात दीड टनाच्या आसपास माल घेतो. फोर्ड एफ-२५०, शेव्हरोले सिल्व्हराडो २५००एचडी किंवा रॅम २५०० यांच्या हौद्याचीही क्षमता साधारण तेवढीच. पण यातली एखादी गाडी मागे पाच-सहा टनांचा ट्रेलर लावून हमरस्त्याच्या वेगाने जाते. नवी गाडी घ्यायची तर मोजावी लागणारी रक्कम मध्यम शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची, म्हणून बहुतेकांची नजर आठ-दहा वर्षं चाललेल्या गाडीकडे वळते.

डिझेल की पेट्रोल, हा पहिला वाद. ओढायचं काम म्हणजे डिझेलच, अशी जुनी समजूत आहे आणि ती निराधार नाही: टॉर्क जास्त, उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचा आधार, इंधनही कमी. पण २००७ पासून डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. इंजिन नीट तापण्याआधीच बंद होणाऱ्या छोट्या फेऱ्या या फिल्टरला मानवत नाहीत, आणि शेतावरच्या बऱ्याच फेऱ्या तशाच असतात. २०११ नंतरच्या फोर्ड आणि जीएमच्या अनेक डिझेल गाड्यांमध्ये बॉशचा सीपी४ हा उच्चदाब पंप आहे. तो फुटला की धातूचा कीस सगळ्या इंधनयंत्रणेत पसरतो आणि दुरुस्तीचा आकडा सहज आठ-दहा हजार डॉलरवर जातो.

इंधनाचा हिशेबही करून पाहावा. वर्षाला ५,००० मैल ट्रेलर ओढला आणि पेट्रोल गाडीने गॅलनला ८ मैल दिले (म्हणजे लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर), तर ६२५ गॅलन लागतात. डिझेलने ११ मैल दिले तर ४५५. वर्षाकाठी १७० गॅलनच्या बचतीतून तो एक पंप भरून निघायला दशक उलटतं. रोज ओढणाऱ्याने डिझेल घ्यावं. हंगामापुरतं ओढणाऱ्याला पेट्रोलच परवडतं.

आता आकड्यांकडे. जाहिरातीत ‘१४,००० पौंड ओढते’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रूपाचा असतो, समोर उभ्या असलेल्या गाडीचा असेलच असं नाही. त्या गाडीचा खरा आकडा चालकाचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या पांढऱ्या-पिवळ्या पट्टीवर छापलेला असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन नको. समजा पट्टीवर २,९०० आहे. शेतकऱ्याचा ट्रेलर गूजनेक, म्हणजे त्याची मान हौद्याच्या मधोमध बसवलेल्या गोळ्यावर टेकते. गुरांसकट ट्रेलरचं वजन १२,००० पौंड. गूजनेकच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा गाडीवर येतो, म्हणजे २,४००. त्यात दोन माणसांचे ४०० आणि गोळा, साखळ्या, हत्यारांची पेटी यांचे २५० मिळवले की ३,०५० झाले. ओढण्याच्या आकड्यात दोन हजार पौंड शिल्लक असूनही गाडी मागच्या पाट्यांवर बसली.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर. सहा लिटरच्या पेट्रोल इंजिनाची सिल्व्हराडो ३.७३ गुणोत्तराने मिळते, तशीच ४.१० नेही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, ओढण्याच्या क्षमतेत मात्र काही हजार पौंडांचा फरक पडतो. जीएमच्या त्या काळातल्या गाड्यांत हातमोजांच्या कप्प्यात सांकेतिक अक्षरांची चिठ्ठी असते: जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. विक्रेत्याला हे ठाऊक असेलच असं नाही. फोनवर चिठ्ठीचा फोटो मागवला की एखादी फेरी वाचते.

इंजिनांच्या बाबतीत अमेरिकी शेतकऱ्यांची मतं पक्की असतात, आणि त्यातली बरीच अनुभवाने आलेली आहेत. जीएमचं सहा लिटरचं व्ही८ बिडाच्या ब्लॉकचं, तहानलेलं पण चिवट. त्याची खोड एकच: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात, बहुधा टोकाचे. फोर्डचं ५.४ लिटरचं तीन व्हॉल्व्हचं इंजिन मात्र सांभाळून घ्यावं. त्याचे मूळ स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे. काढायला जावं तर खालचा तुकडा काजळीने धरलेला असतो आणि मोडून आतच राहतो. २०११ पासून आलेलं ६.२ लिटरचं इंजिन (३८५ अश्वशक्ती, आठ सिलिंडरना सोळा प्लग) पुष्कळच बिनत्रासाचं. जुन्या बाजारात ओढकामासाठी डोळे झाकून नव्हे, पण निर्धास्तपणे पाहावं असं ते आहे. २०२० चं ७.३ लिटरचं इंजिन त्याहून दमदार. जुनं म्हणून अजून स्वस्त झालेलं नाही. रॅमच्या ६.४ लिटर हेमीत जोर भरपूर, ४१० अश्वशक्ती. तिथे लिफ्टर आणि कॅमशाफ्ट झिजण्याची तक्रार ऐकू येते.

म्हणून इंजिन गार असताना ऐकायचं. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावं की गाडी चालू करून ठेवू नका, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवावा. कोमट लागलं तर का, ते विचारावं. गार इंजिनाची टिकटिक पाचेक मिनिटांत विरली तर बहुधा मॅनिफोल्ड गळतंय, कारण तापल्यावर धातू फुगून फट बुजते. तापल्यावरही टिकटिक तशीच राहिली तर लिफ्टरची शंका घ्यावी.

मैलांचा आकडा एकटा फसवा असतो. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे तासही दिसतात, आणि फोर्डमध्ये जागच्या जागी चालल्याचे तास वेगळे. ९०,००० मैल आणि ६,००० तास म्हणजे ताशी सरासरी १५ मैल. अशी गाडी बहुधा एखाद्या कंत्राटदाराची, थंडीत हीटरसाठी तासन्‌तास चालू ठेवलेली. जागेवर चाललेला एक तास म्हणजे सुमारे २५ मैलांची झीज, असा ढोबळ हिशेब धरतात.

मग खाली झोपून पाहायचं. बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चेसिसला आतून खातं. वरून मारलेला ताजा काळा रंग दिसला की हातोडीने हलकेच ठोकून बघावं. खणखणीत आवाज यायला हवा. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवावं. पुढच्या बंपरमागे जादा कंस किंवा कापलेल्या वायरी दिसल्या तर गाडीने बर्फ लोटलेला आहे, म्हणजे पुढचे बॉल जॉइंट थकलेले असणार. मागच्या हिचची पिनेची भोकं लांबट झाली असतील तर तिने पुष्कळ ओढलंय. गूजनेकचा गोळा असलेली गाडी मात्र लगेच नाकारू नये. तो शिस्तीने बसवलेला असेल तर नव्या मालकाचा खर्च वाचतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’, ‘रीबिल्ट’ किंवा पुराचा शेरा आहे का ते पाहावं. राज्य बदललं की असे शेरे कधीकधी गळून पडतात, म्हणून चेसिस क्रमांकावरून राष्ट्रीय नोंदही तपासावी. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलना विक्रीच्या वेळी मैलांची लेखी नोंद देणं वीस वर्षं बंधनकारक आहे. त्याआधीच्या गाड्यांना आता ती सूट असल्याने तिथे झीज पाहूनच ठरवावं लागतं.

शेवटची परीक्षा आपल्याच ट्रेलरची. शक्य असेल तर तो भरून न्यावा, विक्रेत्याच्या परवानगीने जोडावा आणि जवळपासच्या चढावर घ्यावा. ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक चालतो का, सात पिनांच्या सॉकेटमधून दिवे लागतात का, हे निघण्यापूर्वीच कळतं. चढावर डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान लावून ठेवावं: २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास राहिलं तर ठीक, २३० कडे चढू लागलं तर गाडी बाजूला घ्यावी. उतारावर टो-हॉल मोड लावून पायाखालच्या ब्रेकवर किती भिस्त ठेवावी लागते ते पाहावं. परतल्यावर इंजिन लगेच बंद न करता गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवावा आणि किमतीची बोलणी तिथेच उभं राहून करावीत. तेवढ्या वेळात ऑइल, कूलंट किंवा गिअरबॉक्सचं लाल तेल गळत असेल तर पुठ्ठ्यावर डाग उमटतोच, आणि पाचशे डॉलर कमी करा म्हणायला कारण मिळतं.

(पुढील लेखांकात : ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक)