डाळिंबाचा ताण आणि बागेचा सौदा

डाळिंबाच्या व्यापारातील आपल्या बागवान बंधूंना 'ताण' हा शब्द नवा नाही. सांगोला, सटाणा, मालेगाव या पट्ट्यात बाग उक्ती घ्यायला गेले की पहिला प्रश्न असतो, ताण किती दिवस दिला? परंतु पाणी तोडल्यावर झाडात नेमके काय घडते, हे जाणणारे थोडेच. ते जाणले तर सौद्यातील धोका पुष्कळ कमी होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी शेकडा ९५ हून अधिक भाग झाड पानांवाटे हवेत सोडून देते. हे पाणी पानांवरील बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून जाते. जमीन सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते आणि त्याच्या इशाऱ्याने ही छिद्रे मिटू लागतात. पाणी वाचते, पण हवेतील कार्बन वायूही याच वाटेने आत येत असल्याने अन्न तयार होणे मंदावते. मात्र नव्या फुटीची वाढ त्याआधीच थांबलेली असते. म्हणजे खर्च आधी बंद होतो, कमाई नंतर घटते. मधल्या काळातील शिल्लक फांद्यांत साठते. पुढे पाने पिवळी पडून गळतात. मग छाटणी करून, खत घालून पाणी सोडले की त्या शिलकीवर फुले येतात. यालाच बहार धरणे म्हणतात.

हलक्या मुरमाड जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो. भारी काळ्या जमिनीला दीड महिना किंवा अधिकही लागतो. दुपारी माना टाकलेले शेंडे संध्याकाळी सावरत असतील तर काळजी नाही. सकाळीही मलूल दिसले तर ताण फार झाला, बारीक मुळ्या मेल्या असे समजावे. अशा बागेत फुले थोडीच लागतात. उलट ताण अपुरा पडला तर फुलांऐवजी पालवीच फुटते. हस्त बहाराला ही अडचण नेहमीची, कारण पावसाळा सरताना जमीन सुकतच नाही. म्हणूनच त्या बहाराचा माल कमी येतो आणि भाव चांगला खातो.

आता सौद्याकडे वळू. बहरलेली बाग पाहून भुलू नये. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुले येतात. बुडाशी फुगीर, सुरईसारख्या फुलांचेच फळ होते. घंटेसारखी निमुळत्या बुडाची फुले नर असतात, ती गळून जातात. फुले मोजून बोली लावणे म्हणजे गळणाऱ्या फुलांचेही पैसे मोजणे होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळ उपयोगात येण्याजोगे झाल्याचे दिसेपर्यंत त्याची विक्री करण्यास मनाई केली, हे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. झाडावर आपत्ती आली तर एकाचा पैसा दुसऱ्याने कोणत्या हक्काने घ्यावा, हा त्यामागील विचार. आपल्याकडे फुलोऱ्यावर इसार देण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती या कसोटीवर उतरत नाही आणि व्यवहारातही सहसा महागच पडते.

फळ लागल्यावरही पाण्याचे गणित संपत नाही. फुलापासून काढणीपर्यंत पाच-सहा महिने जातात. या काळात पाणी तुटले तर फळाची साल कडक होते, तिची ताणण्याची शक्ती जाते. त्यावर एकाएकी पाऊस पडला किंवा भरपूर पाणी दिले की आतील दाणे फुगतात आणि साल तडकते. जमिनीत बोरॉन कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. तडकलेला माल परदेशी जात नाही. बाजारातही तो रसवाल्यांच्या भावाने जातो. एखाद्या बागेतील दोन-चार फळे आताच तडकलेली दिसली तर बाकीच्यांच्या साली कशा असतील, हे ओळखावे.

तेव्हा ताणाचे दिवस विचारून थांबू नये. विहिरीला काढणीपर्यंत किती पाणी आहे आणि ठिबक रोज चालते की वीज येईल तेव्हा, हेही विचारावे आणि भाव त्यानंतरच काढावा.