राणीला आधी कळलं होतं

पहाटे चाफा खुडायचा आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फुलबाजारात धाडायचा, हा वसईतल्या आमच्या वाडीचा नेम. ऐंशीच्या दशकात मी टोपली धरून आत्यामागे उभी असे. खुडताना ती एकच गाणं गुणगुणायची, 'भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी'. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, अरुण दातेंचा आवाज. मला ते खेळाचं गाणं वाटे.

ते ताटातुटीचं आहे हे कळायला माझी स्वतःची ताटातूट व्हावी लागली. साल १९९६. भाईंदरच्या खाडीवरचा पूल, बायकांचा डबा, दारातून येणारा खारा वारा. गाणं मनात आपसूक सुरू झालं आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की इथे निरोपाचं आधी राणी बोलते. लांबच्या ताऱ्याकडे बघत ती उद्याच्या वेगळ्या वाटांचं सांगते. राजाला ते उशिरा उमगतं. मग तो विचारत राहतो आणि तिच्याकडे उत्तर नसतं. कोणी कोणाला फसवलेलं नाही, कोणावर ठपका नाही. चालीत आक्रोश नाही. दाते तर शेजारी बसून सांगावं तसं गातात. विरहाच्या मराठी गाण्यांत याच्या वर मी कुठलंच गाणं ठेवत नाही.

पुढे गाण्यांत 'मी' आला. १९९८ साली 'गारवा'ची कॅसेट आली. त्यात सौमित्र कविता म्हणत आणि मिलिंद इंगळे गात. मग २००३पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं 'आयुष्यावर बोलू काही'. 'कसे सरतील सये'मध्ये तर तो थेट तिलाच विचारतो. राजाराणीचा आडोसा गेला. हा मोकळेपणा मला मनापासून आवडला, पण तिचं म्हणणं ऐकू येईनासं झालं, ही रुखरुख अजून आहे.

तोवर वसई-विरारची महापालिका झाली, २०११च्या जनगणनेत वस्ती बारा लाखांवर गेली. आमच्या वाडीत चाफ्याची चारच झाडं उरली.

पाडगांवकर २०१५च्या डिसेंबरात गेले. २०१८च्या मेमध्ये दाते आणि ऑक्टोबरात देव. देव गेल्याचं आत्याला मीच सांगितलं. तिने लग्न केलं नाही. का, हे घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. ओट्यावर बसून तिने गाणं म्हणायला घेतलं आणि राणीच्या कडव्यापाशी थांबली.

"पुढचं तू म्हण," म्हणाली.