नागपूरचा अहवाल

१९९० च्या दशकातले सर्वोच्च न्यायालयाचे पर्यावरणाचे निकाल वाचायला घेतले की एक नाव पुन्हापुन्हा भेटते. ताजमहालाभोवतीचा धूर, तामिळनाडूतल्या चामडे कमावण्याच्या कारखान्यांचे पाणी, राजस्थानातल्या एका गावाच्या विहिरी, किनाऱ्यावरची कोळंबीची तळी. खटले वेगळे, राज्ये वेगळी; पण न्यायमूर्ती ज्या कागदावर बोट ठेवून पुढे सरकतात, तो कागद नागपूरहून गेलेला असतो. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नेहरू मार्गावरची नीरी. बहुतेक नागपूरकरांना ती पत्ता सांगण्यापुरती ठाऊक असते. आत काय चालते, याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

संस्था १९५८ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असे होते. काळजी होती कॉलऱ्याची, विषमज्वराची, काविळीची. दोन-तीन वर्षांपूर्वीच, १९५५ चा डिसेंबर आणि १९५६ चा जानेवारी या दोन महिन्यांत, दिल्लीत सुमारे तीस हजार माणसे काविळीने आजारी पडली होती. दोष निघाला नळाच्या पाण्याचा. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे चढून वझिराबादच्या जलकेंद्रात शिरले होते. देशाच्या राजधानीत ही तऱ्हा, तर तालुक्याच्या गावांचे काय, हा प्रश्न तेव्हाच्या अभियंत्यांपुढे होता.

नागपूरच्या बाजूनेही तो काळ विचित्र होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि शहराचा राजधानीपणा संपला. त्यानंतर दोन वर्षांनी ही प्रयोगशाळा आली. ती भरपाई म्हणून आली असे मी म्हणत नाही. पण विदर्भातून काय काय गेले याची यादी आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. काय आले याची यादी कोणी करत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

सुरुवातीच्या वर्षांतले काम आज कोणाला रंजक वाटणार नाही, पण मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. सांडपाणी किती घाण आहे हे मोजायची जगभरची रीत म्हणजे बीओडी: पाण्यातले जंतू घाण खाताना किती प्राणवायू संपवतात, ते मोजायचे. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी पाच दिवसांची मुदत ठरवली, कारण त्यांच्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळते. पुढे तापमान ठरले २० अंश. आता नागपूरच्या मे महिन्यात पाणी २० अंशावर ठेवायचे म्हणजे आधी यंत्र विकत घ्या, मग ते चालवायला वीज आणा. आज भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणी आहे. उष्ण हवेत जंतू भरभर खातात, त्यामुळे मुदतही कमी लागते. हा बदल वरवर बारीक दिसतो, पण साधी प्रयोगशाळा असलेल्या जिल्ह्याच्या गावालाही त्यामुळे स्वतःचे पाणी स्वतः तपासता येते.

सांडपाणी शुद्ध करण्याचेही तसेच. पंप आणि हवा फुंकणारी यंत्रे घेण्याची ऐपत नगरपालिकांत नव्हती. ऊन मात्र फुकट आणि भरपूर होते. उथळ तळ्यात सांडपाणी साठवले की उन्हात शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते, त्यावर जंतू जगतात आणि घाण फस्त करतात. या तळ्यांची आपल्या हवामानातली गणिते नागपूरच्या या संस्थेने बसवली. संस्थेचे संचालक राहिलेले सोली अर्सीवाला यांचे या विषयावरचे लेखन सांडपाण्याच्या अभियंत्यांच्या पिढ्यांनी वाचले आहे.

मग नलगोंडा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या या जिल्ह्यात ग्रॅनाइटच्या खडकांतून फ्लोराइड भूजलात उतरते. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. पण वर्षानुवर्षे पिणाऱ्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि मोठ्यांची हाडे आखडून पाठ वाकते. उकळून फ्लोराइड जात नाही, गाळूनही जात नाही. परदेशी उपाय महाग होते. नीरीने जो उपाय बसवला त्यात लागते काय, तर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. बादलीत मिसळायचे, दहा मिनिटे हलक्या हाताने ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. तुरटीचा गाळ खाली बसताना फ्लोराइडला सोबत घेऊन बसतो. घरातल्या बाईला जमेल आणि गावच्या टाकीलाही जमेल अशी ही कृती 'नलगोंडा तंत्र' या नावाने आफ्रिकेपर्यंत पोचली.

तिचे कौतुक करताना पुढची गोष्ट दडवण्यात अर्थ नाही. तुरटी किती घालायची हे पाण्याच्या क्षारांवर अवलंबून असते, म्हणजे दर विहिरीचे माप वेगळे. माप चुकले की फ्लोराइड राहते किंवा ॲल्युमिनियम पाण्यात उतरते. उरलेला गाळ कुठे टाकायचा, हा प्रश्न वेगळाच. कृती सोपी होती. ती रोज, न चुकता करणारा माणूस आणि त्याला पगार देणारी ग्रामपंचायत या दोन गोष्टी प्रयोगशाळेच्या हातात नव्हत्या. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा आणि झरी-जामणीकडे आजही फ्लोराइडची गावे आहेत, नागपूरपासून काही तासांच्या रस्त्यावर.

१९७२ ला स्टॉकहोमची परिषद झाली, १९७४ ला जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा आला आणि त्याच वर्षी इंदिरा गांधींनी संस्थेचे नाव बदलून नीरी केले. पाटीबरोबर कामही बदलले. आतापर्यंत संस्था नगरपालिकांना पाणी शुद्ध कसे करायचे हे सांगत होती. आता पाणी कोणी घाण केले, हे तिला विचारले जाऊ लागले. पहिल्या प्रश्नावर कोणाचे भांडण नसते. दुसऱ्याचे उत्तर कोणाच्या तरी खिशावर पडते.

ते कसे पडते, हे बिछडीच्या खटल्यात दिसले. उदयपूरजवळच्या या गावात १९८० च्या दशकाच्या शेवटी एच-ॲसिड हे रंगांसाठी लागणारे रसायन बनवणारे कारखाने आले. माल निघाला जेमतेम ३७५ टन. मागे राहिला सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ. तो उघड्यावर पडला, पावसाने जमिनीत उतरला आणि गावोगावच्या विहिरींचे पाणी काळपट झाले. कारखाने बंद पडले, गाळ तसाच राहिला. गावकऱ्यांच्या हातात होत्या त्या पाण्याने भरलेल्या बाटल्या. न्यायालयात बाटली चालत नाही, आकडा लागतो. कारखानदाराकडे स्वतःचे तज्ज्ञ होते, प्रदूषण मंडळ राज्य सरकारचे होते आणि न्यायमूर्ती काही परीक्षानळी हातात घेऊन बसत नाहीत. न्यायालयाने नीरीला पाठवले. माती आणि पाणी तपासून नुकसान किती, दुरुस्ती कशी आणि खर्च किती, या तिन्हींचे उत्तर अहवालात आले. १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल लागला: ज्याने घाण केली त्यानेच भरून द्यायचे. पुढच्या वर्षी रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार.

पैसे मात्र आले नाहीत. अर्जावर अर्ज होत राहिले. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ती रक्कम १९९७ पासूनच्या बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितली. विज्ञानाने उत्तर दिल्यावर कायद्याला ते वसूल करायला किती वर्षे लागतात, हेही बिछडीनेच दाखवले.

त्याच १९९६ च्या ऑगस्टमध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगाचा निकाल आला, डिसेंबरमध्ये कोळंबी शेतीचा, आणि वर्ष संपता संपता ताजमहालाचा. ताजच्या खटल्यात सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या टापूतल्या २९२ कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू घ्या नाहीतर जागा बदला, असे सांगण्यात आले. या निकालांमागे न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांचा खाक्या होता, पण त्या खाक्याला धार होती ती नागपुरी आकड्यांची. एका सरकारी प्रयोगशाळेला एवढे वजन याआधी आपल्या न्यायव्यवस्थेत क्वचितच मिळाले असेल.

आणि वजन वाढले की ते पेलण्याचा प्रश्न येतोच. तामिळनाडूतल्या तुतुकुडीच्या स्टरलाइट तांबे कारखान्यावर १९९८ मध्ये नीरीने दिलेला अहवाल कारखान्याला अडचणीचा होता आणि मद्रास उच्च न्यायालयाने कारखाना बंद करायला सांगितला. काही महिन्यांत, १९९९ च्या सुरुवातीला, दुसरा अहवाल आला, तो बराच मवाळ होता. कारखाना चालू राहिला. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा टाळे लावायला सांगितले; २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीरीच्या नव्या पाहणीचा आधार घेत तो आदेश रद्द केला आणि शंभर कोटींची भरपाई लावली. मे २०१८ मध्ये त्याच कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेरा माणसे मेली, आणि राज्य सरकारने कारखान्याला कुलूप घातले. भोपाळचीही कथा जवळपास अशीच. युनियन कार्बाइडच्या आवारातल्या भूजलाबद्दल नीरीचे सुरुवातीचे मत दिलासा देणारे होते. २०१० मध्ये हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसोबत केलेल्या कामात दूषित मातीचाच अंदाज निघाला अकरा लाख टन.

यात कोणाची लबाडी शोधायची घाई मला नाही. नमुना कोणत्या महिन्यात घेतला, विहीर कोणती निवडली, काय शोधा म्हणून सांगितले होते, यावर आकडा फिरतो, आणि तो प्रामाणिकपणेही फिरू शकतो. खरी मेख प्रश्न विचारणाऱ्यात आहे. बिछडीला प्रश्न न्यायालयाचा होता. १९९४ पासून मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सक्तीचा झाला, आणि तो करून घेतो, त्याचे पैसे मोजतो, तो प्रकल्पवालाच. सेतुसमुद्रम या जहाज-कालव्याचा असा अभ्यास नीरीनेच केला होता आणि त्यावर देशभर वाद झाला. संस्थेला संशोधनासाठी पैसा लागतो, तो अशा कामांतून मिळतो. मग त्याच संस्थेला न्यायालय तटस्थ साक्षीदार म्हणून बोलावते. ही अडचण नीरीतल्या शास्त्रज्ञांनी निर्माण केलेली नाही, पण तिचा डाग त्यांच्याच अहवालावर पडतो. निष्कर्षांची पाने सर्वांना मिळतात. मोजणीचे कच्चे तक्ते, नमुन्यांच्या जागा आणि तारखाही तशाच खुल्या ठेवल्या तर निम्मे वाद तिथेच मिटतील असे मला वाटते.

अलीकडे लोकांना नीरी आठवते ती दिवाळीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरियम असलेल्या फटाक्यांवर बंदी घातली आणि कमी प्रदूषणाचे फटाके तेवढे चालतील असे ठरवले. नीरीने 'स्वास', 'सफल' आणि 'स्टार' अशी मिश्रणे पुढे आणली. धूलिकण किमान तीस टक्के कमी, खोक्यावर क्यूआर कोड. २०२५ च्या दिवाळीत दिल्लीत १८ ते २१ ऑक्टोबरला ठरावीक तासांत याच फटाक्यांना परवानगी मिळाली. ती देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई हेही नागपूर खंडपीठात वकिली करून पुढे गेलेले, हा निव्वळ योगायोग. पण तीस टक्के कमी हे एका फटाक्याचे गणित आहे. गल्लीत फटाके दुप्पट उडाले तर ते गणित कुठे राहते, आणि कोड खरा की खोटा हे बघायला रात्री नऊ वाजता दुकानात कोण उभा असतो?

त्यापेक्षा मला कोविडमधले काम जास्त जवळचे वाटते, कारण त्यात जुन्या नलगोंड्याची चाल दिसते. नाकात काडी घालून नमुना घ्यायचा तर प्रशिक्षित माणूस हवा, खास द्रव हवा, थंड पेटी हवी. नीरीच्या विषाणू विभागात डॉ. कृष्णा खैरनार आणि सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याची गुळणी करून ती नळीत देण्याची पद्धत बसवली. प्रयोगशाळेत ती एका द्रावणात अर्धा तास ठेवायची, ९८ अंशांवर सहा मिनिटे तापवायची आणि थेट आरटी-पीसीआरला लावायची. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट चालू असताना, आयसीएमआरची मान्यता मिळाली. खेड्यातल्या माणसाला स्वतःचा नमुना स्वतः देता येऊ लागला.

नागपुरात मात्र कोणी परगावचा पाहुणा हमखास विचारतो: एवढी मोठी संस्था इथे, मग नाग नदी अशी का? उत्तर अवघड नाही. नाग नदीत काय आहे हे मोजायला नवे विज्ञान लागत नाही. घराघरांतले सांडपाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायचे काम महापालिकेचे आहे, आणि ते अर्धवट आहे. २०२१ मध्ये जपानी कर्जाच्या आधारावर २,११७ कोटींची नाग नदी योजना मंजूर झाली. तोवर आणि त्यानंतरही नदी वाहतेच आहे: लाव्याच्या टेकड्यांतून अंबाझरीत, तिथून शहर ओलांडून कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात. तिथे भंडारा जिल्ह्यातल्या गावांना नागपूरचे पाणी मिळते. बिछडीचा नियम इथे लावायचा ठरला, तर बिल कुठल्या कारखान्याच्या नावे निघणार नाही. ते आमच्या घरपट्टीत येईल.