वृद्ध श्वानाचे लुळे पडणारे पाय : निदान व निगा

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतींत काय किंवा दुर्ग परिसरातील शेतवस्त्यांवर काय, राखणीचा श्वान दहा-बारा वर्षांचा झाला की त्याचे मागील पाय लटपटू लागतात. ‘वय झाले’ एवढ्यावर विषय संपविणे योग्य नव्हे. सांध्यांची झीज असल्यास श्वान उठताना कण्हतो, थोडे चालल्यावर मोकळा होतो. मज्जारज्जूचा विकार असल्यास पंजा जमिनीवर घासतो व नखे झिजतात. श्वानास उभे धरून पंजा उलटा टेकवावा. मज्जासंस्था शाबूत असल्यास तो तत्काळ सरळ करतो. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तपासणीस विलंब करू नये.

माणसांसाठीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या मात्र कदापि देऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात.

गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरावे. चालविताना पोटाखालून पंचा घालून मागचा भाग उचलून धरावा. श्वान पडूनच राहत असेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदलावी; मूत्राने भिजलेली त्वचा सोलवटते व पावसाळ्यात तीत अळ्या पडतात. वैशाखात त्याला स्वतःहून सावलीत सरकता येत नाही, हे घरच्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

लुळेपणा एक-दोन दिवसांतच आला, जबडा लोंबला, लाळ गळू लागली किंवा गिळता येईना, तर रेबीजची शंका घ्यावी. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. लाळ जखमेस लागल्यास ती साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.