अर्ध्या कोयत्याचं बाळ

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूर, वडवणीच्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, एखादी शेळी आणि त्या पसाऱ्यात कुठेतरी लेकरं. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतली मोजणी मात्र वेगळीच असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. लेकरू कशातच नाही.

हंगामाआधी मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. ती फेडायची मात्र दोघांनी. एक दिवस काम चुकलं की खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. कालपरवाच बाळंत झालेली बाईसुद्धा या हिशेबातून सुटत नाही. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार स्त्रीला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. उसाच्या फडावर तसलं काही नाही. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये मिळू शकतात, पण एका कोयत्याची उचल पन्नास हजारांपासून लाखाच्याही पुढे जाते.

पहाटे तीन-चारला उठून आई भाकरी थापते आणि अंधारातच फडात पोचते. तान्हं बांधावर झोळीत, राखायला सात-आठ वर्षांची बहीण. उसाच्या मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्रीही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं मऊ खाणं, असं डॉक्टर सांगतात. हे तिलाही ठाऊक असतं. पण बाळ रडेल तेव्हा विळा-कोयता खाली ठेवायची मुभा कुणी द्यायची? मग चहात बुडवलेलं बिस्किट त्याच्या हातात येतं. ‘आयांना काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एक पहाट फडात काढून पाहावी.

बाळाचं वजन तिथं घटतंच, पण त्याची सुरुवात फार आधी झालेली असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली; राज्याचं प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होतं. आईबाप तोडीला गेल्यावर वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घराघरातला प्रश्न. शिवाय लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो. स्वतःचीच वाढ पुरी न झालेल्या मुलीच्या पोटी कमी वजनाचं बाळ जन्माला येण्याची भीती अधिक असते. तिच्या अंगात रक्त कमी असेल तर आणखीच. त्याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या.

त्याच पाहणीत देशपातळीवर शाळेत न गेलेल्या आयांची 46 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांची 26 टक्के. यात घरच्या गरिबीचाही वाटा आहेच. पण शिकल्यामुळे आहाराचं पुस्तक वाचता येतं एवढाच अर्थ त्यातून काढू नये. शिकणाऱ्या मुलीचं लग्न लांबतं आणि घरातल्या पैशावर तिचाही थोडाफार शब्द चालण्याची शक्यता वाढते.

बाईचं शरीर कोयत्याच्या या हिशेबात किती खोलवर ओढलं जातं, हे 2019 मध्ये दिसलं. बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी आणि पोटदुखी म्हणजे खाडा, ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती.

गावच्या अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायला आहार मिळतो, गरोदर आणि स्तनदा मातांनाही. कुटुंब फडावर गेलं की हा धागा तुटतो. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नाव दुसऱ्या गावच्या अंगणवाडीला जोडण्याची सोय आता आहे. पण ती अंगणवाडी उघडते सकाळी, मजुरांच्या कोप्यांपासून लांब, आणि तोवर आईनं निम्मी सरी तोडलेली असते. गावाकडच्या वाढीच्या तक्त्यावर मग दिवाळीच्या सुमाराचं एक वजन दिसतं आणि त्यानंतरचं एकदम उन्हाळ्यातलं.